पकड झाली होती, तरी हात रेषेला लागला: एका चढाईतील संवेग आणि घर्षण

तालुका पातळीवरच्या कुमार गटाच्या एका कबड्डी स्पर्धेत, सामन्याच्या एकोणचाळिसाव्या मिनिटाला, आमच्या मंडळाचा संघ २७–२६ असा एका गुणाने पुढे होता. मैदानात आमचे पाच खेळाडू शिल्लक होते, त्यामुळे बोनस गुणाचा प्रश्नच नव्हता. प्रतिस्पर्धी चढाईपटूला गुण मिळवायचा तर कोणाला तरी स्पर्श करूनच परतावे लागणार होते. त्याने आमच्या उजव्या कोपरारक्षकाच्या दिशेने पाय लांबवला, तो हुकला, आणि तो वळून मध्यरेषेकडे धावला. वाटेत उजव्या मध्यरक्षकाने त्याला मागून कंबरेला मिठी मारली. दोघेही मॅटवर कोसळले आणि फरफटत थोडे पुढे गेले. तेवढ्यात कोपरारक्षक मागून धावत आला आणि त्याने दोघांच्या अंगावर झेप घेतली. मैदानाबाहेरून आमच्या मार्गदर्शकांची आरोळी ऐकू आली, ‘पड त्याच्यावर!’ पोरगा पडला, आणि पुढच्याच क्षणी चढाईपटूची बोटे मध्यरेषेपलीकडे गेली. धरणारे दोघेही बाद झाले, गुणफलक २७–२८ झाला आणि आमची शेवटची चढाई रिकामी परतल्यामुळे सामना तिथेच गेला.

सामन्यानंतरची चर्चा नेहमीच्या वळणाने झाली. मध्यरक्षकाची पकड ढिली होती, पोरांच्या अंगात ताकद नाही, उद्यापासून जोर-बैठका वाढवा, असे निष्कर्ष दहा मिनिटांत निघाले. मी संघाचा मार्गदर्शक नाही. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन बसतो. त्या दिवशी मोबाइलवर चित्रीकरण करण्याचे काम माझ्याकडे होते. घरी येऊन ती चढाई सावकाश पाहिली, तेव्हा माझे मत वेगळे झाले. मध्यरक्षकाची पकड चांगली होती, इतकी की चढाईपटू रेषेच्या अलीकडेच थांबणार होता. त्याला रेषेपार नेले ते आमच्याच कोपरारक्षकाने. हे मत पुढे आकड्यांनिशी मांडले आहे, आणि ते आकडे किती विश्वासार्ह आहेत हेही सांगितले आहे.

मोजमाप कसे केले

चित्रफीत सेकंदाला ६० चौकटींची होती. अंतरासाठी वेगळी पट्टी लागली नाही, कारण मॅट एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्यांची होती. ते तुकडे दातेरी कडांनी एकमेकांत बसवलेले असतात आणि त्यांचे सांधे चित्रात स्पष्ट दिसतात. शिवाय मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे १ मीटरवर आणि अंतिम रेषा आणखी १.७५ मीटरवर असते, त्यामुळे सांध्यांची मोजणी पडताळून पाहता येते. मोबाइल मैदानाच्या बाजूला, जवळजवळ मध्यरेषेच्या टोकापाशी होता. तिरक्या कोनामुळे अंतरांत पाच-सात सें.मी.ची चूक सहज होऊ शकते. पुढचे सर्व आकडे त्या हिशेबाने वाचावेत.

वजने दुसऱ्या दिवशी विचारून घेतली. चढाईपटू ६६ किलोग्रॅम, मध्यरक्षक ५८ आणि कोपरारक्षक ६१. समोरच्या संघातला तो मुलगा मोकळ्या मनाचा निघाला. कशासाठी विचारतोय हे कळल्यावर त्याने वजनासोबत आपली उंचीही सांगितली. ती १ मीटर ७० सें.मी. होती आणि पुढे ती उपयोगी पडली.

वळून पूर्ण वेग घेतल्यावर चढाईपटूने दहा चौकटींत साधारण ६० सें.मी. अंतर कापले, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला ३.६ मीटर होता. मध्यरक्षक त्याच्याच दिशेने दोन पावले टाकून आला होता. त्याचा वेग १.५ मीटर भरतो. मिठी बसली तेव्हा चढाईपटूची कंबर मध्यरेषेपासून २ मीटरवर होती. मिठी घट्ट झाल्यावर जोडीचा वेग २.४ मीटर होता. त्यानंतर सोळा चौकटींनी, म्हणजे सुमारे ०.२७ सेकंदाने, तो निम्मा होऊन १.२ वर आला. त्या वेळी चढाईपटू पालथा पडलेला होता, त्याचा उजवा हात पुढे ताणलेला होता आणि बोटांची टोके रेषेपासून ३० ते ३५ सें.मी. अलीकडे होती. नेमक्या त्याच क्षणी कोपरारक्षक सेकंदाला ४.२ मीटर वेगाने त्या दोघांच्या पाठीवर आदळला, आणि चार चौकटींनंतर तिघांच्या ढिगाचा वेग १.९ मीटर झाला.

चित्रफीत मी पाच-सहा वेळा मागे-पुढे केली, कारण हा आकडा पटत नव्हता. जो मंदावत होता त्याला अडवायला एक जण आला, आणि त्याचा वेग १.२ वरून १.९ झाला.

संवेगाचा हिशेब

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पाठ्यपुस्तकातला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत सांगतो की, बाहेरून बल लागत नसेल तर टकरीपूर्वीचा आणि टकरीनंतरचा एकूण संवेग सारखाच असतो. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतात आणि ‘बाहेरून बल लागत नसेल तर’ एवढा तुकडा गाळतात. कबड्डीत बाहेरचे बल सतत लागत असते आणि ते मॅटच्या घर्षणाचे असते. म्हणून हा सिद्धांत इथे वापरण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक म्हणजे ‘आतले’ कोण धरायचे आणि ‘बाहेरचे’ कोण. दुसरी म्हणजे किती काळाचा हिशेब करायचा.

पहिल्या टकरीत चढाईपटू आणि मध्यरक्षक हे दोघे आतले. चढाईपटूचा संवेग ६६ × ३.६, म्हणजे सुमारे २३८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. मध्यरक्षकाचा ५८ × १.५, म्हणजे ८७. बेरीज ३२५. घर्षण नसते तर १२४ किलोग्रॅमची ती जोडी २.६ मीटर वेगाने पुढे गेली असती. प्रत्यक्षात वेग २.४ दिसला. हा फरक मिठी बसेपर्यंतच्या क्षणांत मध्यरक्षकाच्या बुटांनी मॅटकडून वसूल केला, असे म्हणता येईल. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मध्यरक्षक जागेवर उभा असता तर तोच वेग १.९ झाला असता. तो मागून दोन पावले धावत आला, यात त्याचा दोष नाही, धावल्याशिवाय त्याचा हात पोहोचलाच नसता. पण त्याच्या धावण्याचा संवेगही चढाईपटूच्या खात्यात जमा झाला, हे खरे.

आता दुसरी टक्कर. जोडीचा संवेग १२४ × १.२, म्हणजे १४९. कोपरारक्षकाचा ६१ × ४.२, म्हणजे २५६. मंदावलेल्या त्या दोघांकडे मिळून जेवढा संवेग होता, त्याच्या पावणेदोन पट संवेग हा एकटा घेऊन आला, आणि तोही मध्यरेषेच्याच दिशेने. बेरीज ४०५. तिघांचे वस्तुमान १८५ किलोग्रॅम. घर्षण वगळले तर नवा वेग २.२ मीटर येतो.

मोजलेला वेग १.९ आहे, आणि हा फरकही हिशेबात बसतो. टक्कर चार चौकटी, म्हणजे साधारण ०.०६७ सेकंद चालली. पहिल्या टप्प्यात जोडीचा वेग ०.२७ सेकंदात १.२ मीटरने घटला होता, म्हणजे मॅट त्यांना सेकंदाला ४.५ मीटर या दराने मंद करत होती. तोच दर १८५ किलोग्रॅमला लावला तर टकरीच्या काळात मॅटने सुमारे ५६ एकक संवेग काढून घेतला. ४०५ मधून ५६ गेले आणि ३४९ उरले. त्याला १८५ ने भागले की १.९ येतात. आकडे इतके जुळतात याचे समाधान वाटते, पण मोजणीतली चूक पाहता त्यात थोडा योगायोगही असावा. महत्त्वाची बाब वेगळी आहे. टक्कर इतकी अल्पकाळ चालते की त्या वेळात घर्षणाला एकूण संवेगाचा जेमतेम सातवा हिस्सा खाता येतो. उरलेल्या सहा हिश्शांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकातला सिद्धांत जवळजवळ जसाच्या तसा चालतो. टक्कर संपल्यावर मात्र घर्षणाला पुरेसा वेळ मिळतो आणि तिथून पुढचा कारभार पूर्णपणे त्याच्या हाती जातो.

तो कारभार असा. वेगाचा वर्ग भागिले मंदनाच्या, म्हणजे वेग घटण्याच्या दराच्या, दुप्पट, हे थांबेपर्यंतचे अंतर. कोपरारक्षक आलाच नसता तर १.२ मीटर वेगाची जोडी १६ सें.मी. घसरून थांबली असती. रेषा ३० सें.मी.पेक्षा अधिक लांब होती. तो आल्यावर टकरीच्या काळात ढीग १० सें.मी. सरकला आणि नंतर १.९ मीटर वेगाने ४० सें.मी. घसरला, एकूण ५० सें.मी. मोजणीत दोन्हीकडे सात सें.मी.ची चूक धरली तरी एक आकडा रेषेच्या अलीकडे राहतो आणि दुसरा पलीकडे.

चित्रफितीत या सगळ्याचा एक मुका पुरावाही आहे, आणि तो मला आकड्यांहून अधिक आवडतो. ढीग थांबतो तेव्हा त्याच्या खालचा मॅटचा तुकडा मध्यरेषेच्या बाजूला सरकलेला दिसतो आणि त्याच्या मागच्या सांध्यात बोटभर फट पडलेली असते. पंच शिट्टी वाजवतात, चढाईपटू उड्या मारत आपल्या अंगणात जातो, आणि एक स्वयंसेवक येऊन टाचेने तो तुकडा मागे ठोकून दाते पुन्हा बसवतो. मुलांचा संवेग ‘नाहीसा’ झाला नाही. तो मॅटला, मॅटखालच्या मैदानाला आणि मैदानामार्फत पृथ्वीला दिला गेला. पृथ्वीच्या वस्तुमानापुढे तो इतका क्षुल्लक आहे की तिचा वेग बदलल्याचे कोणत्याही यंत्राला कळणार नाही, पण एक मीटरच्या त्या तुकड्याला तो कळला.

‘वजन वाढलं की घर्षण वाढतं ना, सर?’

हा हिशेब मुलांना फळ्यावर दाखवला, तेव्हा कोपरारक्षकानेच हा प्रश्न विचारला, आणि तो योग्य होता. त्याच्या मनात असे होते की, आपण वर पडल्याने ओझे वाढले, ओझे वाढल्याने मॅटवरचा दाब वाढला आणि दाब वाढल्याने घर्षण वाढले. मग ढीग लवकर थांबायला हवा होता. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, हा नियम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये मांडला, आणि कापड-मॅटसारख्या जोडीला तो बराचसा लागू पडतो. पण ज्या प्रमाणात घर्षण वाढते त्याच प्रमाणात थांबवायचे वस्तुमानही वाढते, आणि भागाकार तसाच राहतो. एक माणूस घसरत असो की तीन, कपडे आणि मॅट त्याच असतील तर दोन्ही वेळा वेग सारख्याच दराने घटतो. म्हणून वर पडणाऱ्याच्या वजनाचा थांबवण्याला फायदा शून्य, आणि त्याने आणलेल्या वेगाचा तोटा पूर्ण.

याला एक अपवाद आहे आणि तो मार्गदर्शकांच्या बाजूचा आहे. ढीग थांबल्यावर किंवा थांबत आल्यावर चढाईपटू स्वस्थ पडून राहत नाही. तो गुडघे आणि पंजे रोवून सरपटतो. त्याच्या स्नायूंचे बल मर्यादित असते आणि ते बल १२४ किलोग्रॅमऐवजी १८५ किलोग्रॅमला हलवत असेल तर त्यातून मिळणारी चाल कमी होते. त्या अर्थाने ‘पड त्याच्यावर’ ही आरोळी अगदीच चुकीची नाही. ती अर्ध्या सेकंदाने लवकर दिली गेली आणि तिच्यात दिशेचा उल्लेख नव्हता, एवढेच.

बूट आणि बनियन

घर्षणाचा गुणांक, म्हणजे घर्षण भागिले वजन, अंदाजावर सोडू नये म्हणून पुढच्या रविवारी मॅटचे चार तुकडे मैदानावर टाकले आणि प्रवासी बॅगा तोलण्याचा आकड्याचा काटा आणला. मध्यरक्षकाला, म्हणजे ५८ किलोग्रॅमच्या मुलाला, बनियन आणि चड्डीवर मॅटवर बसवले, कंबरेला टॉवेल गुंडाळला आणि काट्याने सावकाश ओढले. सरकत असताना काट्यावर २६ ते २८ किलोग्रॅम दिसले. २७ भागिले ५८ म्हणजे सुमारे ०.४७. सामन्यातल्या ४.५ मीटरच्या मंदनाला गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने, भागले की गुणांक ०.४६ निघतो. तो किंचित कमी असणेच अपेक्षित होते, कारण चढाईपटू घसरताना पायाने ढकलतही होता.

मग त्याला बूट घालून, गुडघे वाकवून, मागे रेलून उभे केले आणि तसेच ओढले. काट्याची मर्यादा ५० किलोग्रॅम आहे. ती गाठली तरी तो हलला नाही. म्हणजे रबरी तळव्याचा गुणांक ०.८६ पेक्षा जास्त, अंगावरच्या कापडाच्या जवळपास दुप्पट. तळव्यावर पाणी शिंपडले तेव्हा तो ३४ वरच सरकला, म्हणजे गुणांक ०.५९ झाला. भर सामन्यात घामाने ओल्या झालेल्या जागेवरून टॉवेल फिरवला जातो तो केवळ टापटिपीसाठी नसतो. रबराच्या बाबतीत आमोंतोंचा नियम पुरता लागू होत नाही, दाब वाढला की त्याचा गुणांक थोडा उतरतो, त्यामुळे धावताना हा आकडा नेमका इतकाच असेल असे मी म्हणणार नाही. पण बूट आणि बनियन यांच्यातले अंतर मोठे आहे, हे नक्की.

या अंतरातच पकडीचे मर्म आहे. चढाईपटूला मागे ओढणारे बल खेळाडूच्या दंडातून येत नाही. दंड हे बल फक्त एका शरीरातून दुसऱ्या शरीरात पोहोचवतात. दोघे मिळून एक मानले तर त्यांच्या आपसांतल्या ओढाताणीने त्यांचा एकत्रित संवेग तसूभरही बदलत नाही. बदल घडवणारे बल बाहेरून, म्हणजे मॅटकडूनच यावे लागते. उभा राहून पाय रोवलेला बचावपटू मॅटकडून आपल्या वजनाच्या सहा-सात दशांशांहून बरेच अधिक बल मिळवू शकतो. लोळणारा बचावपटू निम्म्याहून कमी. आणि हवेत झेपावलेला बचावपटू, जमिनीवर येईपर्यंत, शून्य. कोपरारक्षकाने झेप घेतली तेव्हा त्याने मॅटशी असलेला आपला संबंध स्वतःहून तोडला होता.

मातीच्या मैदानावर हे गणित वेगळे होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावच्या मंडळांना मॅटची ओढ लागली, पण आमच्या पिढीचा खेळ पाणी मारून चोपलेल्या मातीवर, अनवाणी पायांनी झाला. सुकलेल्या मातीचे सुटे कण पायाखाली बारीक लाटण्यांसारखे फिरतात, पाय सरकतो, आणि धरणारा आणि धरला जाणारा दोघेही लांबवर घसरतात. गुडघे आणि कोपरे सोलवटतात ते त्यामुळेच. मातीवर रोवून उभ्या राहणाऱ्याला फारसा वरचढपणा नव्हता, म्हणून अंगावर पडण्याचा तोटा तितका उघडा पडत नव्हता. मॅटवर बूट चिकटून बसतो, त्यामुळे रोवणाऱ्याचे पारडे जड झाले. त्याची किंमतही आहे: बूट जागेवर अडकलेला असताना शरीर वळले तर ती पिळवटणूक गुडघ्याला सोसावी लागते. मार्गदर्शकांची ती आरोळी मातीच्या काळातली आहे, असे मला वाटते.

पकड कुठे बसली

कंबरेच्या मिठीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण मध्यरक्षकावर सर्वांत जास्त टीका त्यावरूनच झाली. ‘घोटा का नाही धरला?’ असे त्याला तीन-चार जणांनी विचारले. घोटा धरला की पाय थांबतो, पण गुरुत्वमध्य त्याच्या वर मीटरभर उंचीवर असतो आणि तो आपला संवेग घेऊन पुढे जातच राहतो. परिणामी माणूस घोट्याभोवती फिरून तोंडघशी पडतो. १ मीटर ७० सें.मी. उंचीच्या मुलाचा वर ताणलेला हात जमिनीपासून साधारण २ मीटर १५ सें.मी.पर्यंत पोहोचतो. म्हणजे रेषेपासून सुमारे दोन मीटरच्या आत घोटा धरला आणि त्याला मोकळेपणी पुढे पडू दिले, तर घसरण्याचीही गरज नाही. नुसते आडवे झाले तरी बोटे रेषेला लागतात. कोपरारक्षक घोटा धरतो ते शोभते, कारण तो निदान रेषेच्याही मागे, अंतिम रेषेजवळ उभा असतो. आमचा मध्यरक्षक २ मीटरवर होता. तिथे कंबरेला, गुरुत्वमध्याच्या जवळ मिठी मारणे हाच शहाणपणा होता. कंबरेपासून बोटांपर्यंतचा पल्ला १ मीटर २० सें.मी.च्या आसपास भरतो. तेवढी सूट चढाईपटूला मिळाली आणि तरीही रेषा वाचत होती. ही गोष्ट मी त्या मुलाला सगळ्यांदेखत सांगितली, कारण बिचारा तीन दिवस मान खाली घालून येत होता.

चित्रफितीत आणखी एक खेळाडू आहे, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. डावा मध्यरक्षक चढाईपटूच्या समोर, रेषेच्या बाजूला, दीड मीटरवर उभा होता आणि ढीग आपल्याकडे येताना पाहून तो शिस्तीत बाजूला झाला. त्याचे वजन ६० किलोग्रॅम आहे. तो बाजूला न होता सेकंदाला १ मीटर एवढ्याच सावकाश चालीने समोरून भिडला असता, तर १४९ मधून ६० वजा झाले असते, १८४ किलोग्रॅमच्या ढिगाचा वेग अर्ध्या मीटरच्या आत आला असता आणि तो अडीच-तीन सें.मी. सरकून थांबला असता. मागून ४.२ मीटर वेगाने आलेल्या झेपेने जे बिघडवले, ते समोरून टाकलेल्या एका पावलाने सावरले असते. अर्थात, समोरून येणाऱ्या दोन माणसांच्या ओझ्यापुढे उभे राहणे फळ्यावर जितके सोपे दिसते तितके मैदानावर नसते.

कोपरारक्षकाने काय करावे

कोपरारक्षकाला मागून येण्यावाचून पर्याय नव्हता. चढाईपटू त्याच्यापासूनच पळाला होता आणि पाव सेकंदात वळसा घालून पुढे जाणे कोणालाही शक्य नाही. ‘मग मी थांबून बघत बसू का?’ असे त्याने विचारले. बघत बसला असता तर निकाल आमच्या बाजूने लागला असता, हे खरे असले तरी असे उत्तर खेळाडूला देता येत नाही. आम्ही दुसरे उत्तर शोधले. धावत यायचे, पण शेवटच्या मीटरभरात बूट लावून स्वतःचा वेग जोडीच्या वेगाइतका उतरवायचा, मग वाकून चढाईपटूच्या मांड्या धरायच्या आणि मागे रेलून पाय रोवायचे.

हिशेबाने पाहिले तर बुटाच्या घर्षणावर सेकंदाला ८.४ मीटर या दराने वेग उतरवता येतो. ४.२ वरून १.२ वर यायला ०.३६ सेकंद आणि जवळपास ९६ सें.मी. लागतात. हेच अंतर त्याने पूर्ण वेगाने कापले असते तर ०.२३ सेकंद लागले असते, म्हणजे तो ०.१३ सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्या वेळात जोडीचा वेगही निम्म्यावर येतो. प्रत्यक्ष धावणाऱ्या माणसाला घर्षणाची पूर्ण मर्यादा वापरता येत नाही, पावलापावलाने थांबावे लागते, त्यामुळे दीड मीटर धरणे बरे.

सरावासाठी मॅटवर चिकटपट्टीने एक आडवी रेघ मारली, तिच्यापुढे दीड मीटरवर जुन्या गाद्या बांधून ठेवल्या आणि कोपरारक्षकाला धावायला लावले. रेघेवर पहिला बूट लागला पाहिजे आणि गादीला हात लागताना दोन्ही पाय मॅटवर असले पाहिजेत, एवढीच अट होती. पहिल्या दिवशी तो प्रत्येक वेळी गादीसकट पुढे गेला. दुसऱ्या दिवशी उजवा बूट बरोबर लागला, पण डावा उचललेलाच राहिला आणि तो एका पायावर गिरकी घेऊन बसला. गुडघ्याची आठवण करून देऊन आम्ही त्याला आधी चालत आणि मग अर्ध्या वेगाने ते करायला लावले. आठवड्याच्या शेवटी दहांपैकी सहा-सात वेळा तो रेघेवर वेग आवरून गादीपाशी उभा राहू लागला. ज्या तीन-चार वेळा चुकला, त्या त्याच्या मते मॅट ओली असल्याने चुकल्या, आणि ते तपासायला म्हणून त्याने स्वतःहून टॉवेल आणून ती जागा पुसली.

मार्गदर्शक या सगळ्यात दोन दिवस लांब उभे होते. तिसऱ्या दिवशी कोपरारक्षक पुन्हा झेपावण्याच्या बेतात दिसला, तेव्हा ते सवयीने ‘पड’ एवढे म्हणाले, अडखळले, आणि मग ओरडले, ‘बूट लाव, बूट!’